कागद समजला, तरच संमती

रुग्णालयातून घरी सोडताना रुग्णाच्या नावाने कागदांचा एक जुडगा तयार होतो. त्यात औषधांची चिठ्ठी असते, पुन्हा कधी यायचे याची तारीख असते, काय खावे आणि काय टाळावे याची यादी असते. गोळ्यांपुढे ‘१-०-१’ असे काहीतरी लिहिलेले असते. हे सारे रुग्ण स्वतः वाचेल, अशी अपेक्षा फारशी कुणाची नसते. सोबतचा नातेवाईक वाचेल, असे धरून चालले जाते. रुग्णाला बौद्धिक अक्षमता असेल, तर हा समज आणखी पक्का होतो. मग कागद नातेवाइकाच्या हाती जातो, प्रश्न नातेवाइकाला विचारले जातात आणि सहीही त्याचीच घेतली जाते. ज्याच्या शरीरावर उपचार व्हायचे, तो माणूस शेजारच्याच बाकावर बसून हे पाहत असतो.

ही केवळ शिष्टाचारातली चूक नाही. तिची किंमत आयुष्याच्या वर्षांत मोजावी लागते, हे ब्रिटनने आकडे मांडून दाखवले आहे. ‘मेनकॅप’ या संस्थेने २००७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या सहा जणांच्या मृत्यूंची हकीकत प्रसिद्ध केली आणि सरकारी आरोग्यसेवेच्या उदासीनतेवर बोट ठेवले. पुढे नैऋत्य इंग्लंडमधील अशा २४७ मृत्यूंची स्वतंत्र चौकशी झाली. २०१३ च्या त्या अहवालानुसार बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतर पुरुषांपेक्षा सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा सरासरी २० वर्षे आधी मरत होत्या. यातले बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे होते. निदानाला उशीर, तपासण्यांना उशीर, उपचारांना उशीर आणि रुग्णाच्या गरजेप्रमाणे कामाच्या पद्धतीत साधे बदलही न करणे, ही कारणे पुन्हा पुन्हा समोर आली. आपल्याला काय होते आहे हे ज्याला सांगता येत नाही आणि आपल्याबाबत काय चालले आहे हे ज्याला कुणी सांगत नाही, त्याचा आजार उशिरा कळणार हे उघड आहे.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा घोळ सोडवायला हवा. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात ती बौद्धिक अक्षमता. आपल्याकडे तोच शब्द शाळेच्या संदर्भात येतो आणि त्याचा अर्थ डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता असा होतो. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा दुसरा अर्थ घरोघरी पोहोचवला. दोन्हींतला फरक महत्त्वाचा आहे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला कल्पना समजते, अडचण अक्षरे ओळखून शब्द जुळवण्यात असते. त्याला मोठा ठसा, ओळींतले जास्त अंतर किंवा मजकूर ऐकण्याची सोय मिळाली, की बरेचसे काम होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला मात्र अक्षरे ओळखता आली तरी एकाच वाक्यात कोंबलेल्या चार कल्पना एकदम पेलत नाहीत. तिच्यासाठी ठसा मोठा करून भागत नाही. मजकूर मुळापासून नव्याने लिहावा लागतो.

असे लिहिण्याची एक रीत युरोपात गेल्या अर्धशतकात घडली. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस सोप्या वाचनाची पुस्तके निघू लागली. १९८४ पासून तिथे ‘आठ पाने’ अशा अर्थाच्या नावाचे बातमीपत्र सोप्या भाषेत निघते. राजकारण, खेळ, परदेशच्या घडामोडी हे सारे त्यात असते. वाचक कमी वेगाने वाचतो म्हणून त्याला जगाशी कमी देणेघेणे आहे, असे मानलेले नसते. इंग्लंडमध्ये या रीतीला ‘ईझी रीड’ म्हणतात, मराठीत ‘सुलभ वाचन’ म्हणता येईल. तिथे ती हळूहळू सरकारी कागदपत्रांत आली. ‘इन्क्लूजन युरोप’ या संघटनेने २००९ मध्ये तिचे नियम संकलित केले.

त्यातले बहुतेक नियम वाचताना साधे वाटतात. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. एकाच वस्तूसाठी सगळीकडे एकच शब्द वापरावा. लांबलचक आकडे आणि टक्केवारी टाळावी. अक्षर ठसठशीत असावे. नवे वाक्य नव्या ओळीवर सुरू व्हावे. तळटीप नसावी. वाचकाला थेट ‘तुम्ही’ म्हणावे. चित्र मजकुराशी जुळणारे असावे आणि प्रौढांसाठीच्या कागदावर लहान मुलांच्या पुस्तकातले चित्र नसावे. या सगळ्यांच्या वर एक नियम आहे: मजकूर तयार करताना बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती त्या कामात असल्याच पाहिजेत. त्यांनी वाचून ‘कळले’ म्हटल्याशिवाय कागद ‘सोपा’ झाला असे म्हणता येत नाही.

इंग्लंडने या रीतीला कायद्याचा आधार दिला. निर्णयक्षमतेविषयीच्या तिथल्या २००५ च्या कायद्यात फार मोलाचे तत्त्व आहे. सोप्या भाषेत, चित्रांच्या मदतीने किंवा व्यक्तीला योग्य अशा अन्य मार्गाने समजावल्यावर जर तिला कळत असेल, तर तिला ‘कळत नाही’ असे ठरवता येत नाही. म्हणजे न समजण्याचे खापर आधी सांगणाऱ्याच्या रीतीवर फुटते, ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर नंतर. २०१६ पासून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला आणखी एक मानक पाळावे लागते. रुग्णाला माहिती कोणत्या स्वरूपात हवी हे विचारायचे, ते नोंदवायचे, नोंद सहज दिसेल अशी ठेवायची, पुढच्या विभागाला कळवायची आणि त्याप्रमाणे माहिती द्यायची. यात महागडे यंत्र कुठेच नाही. केसपेपरवर एक ठळक खूण आणि तिचा मान राखण्याची सवय एवढेच लागते.

हे नियम मराठीत जसेच्या तसे आणून चालणार नाही. मराठीच्या अडचणी वेगळ्या आहेत. त्यातली सर्वांत मोठी अडचण वाक्याच्या शेवटी बसलेली असते. ‘ही गोळी उपाशीपोटी घेऊ नये’ हे वाक्य पाहा. गोळी, उपाशीपोटी, घेणे हे सगळे आधी येते आणि ‘नये’ अगदी शेवटी. वाक्याचा आधीचा भाग मनात धरून ठेवायचा आणि शेवट आल्यावर अर्थ जोडायचा, हे काम ‘कार्यकारी स्मृती’ करते. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांमध्ये या स्मृतीत थोड्याच गोष्टी एका वेळी मावतात. वाचणारा शेवटापर्यंत पोहोचण्याआधी थकला, तर त्याच्या हाती नेमकी उलटी सूचना राहते. ‘ही गोळी जेवणानंतर घ्या’ असे लिहिले, की हा धोका संपतो.

दुसरी अडचण कार्यालयीन मराठीची आहे. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘सेवन करणे’, ‘घेण्यात यावी’, ‘उपस्थित राहावे’ हे शब्द घरात कुणी बोलत नाही. कर्मणी रचनेमुळे काम कुणी करायचे हेही धूसर होते. तिसरी अडचण नामापूर्वी साखळीने येणाऱ्या विशेषणांची. ‘काल डॉक्टरांनी दिलेली, दुपारच्या जेवणानंतर घ्यायची, पिवळ्या वेष्टनातली गोळी’ असे लिहिले, तर गोळी भेटेपर्यंत तीन गोष्टी डोक्यात तोलून धराव्या लागतात. चौथी अडचण छपाईची. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, जोडाक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात. ओळी दाटीने छापल्या, की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. आणि सोपे म्हणजे शुद्ध मराठी, असेही नाही. ‘सोनोग्राफी’, ‘शुगर’, ‘बीपी’, ‘सलाईन’, ‘ऑपरेशन’ हे शब्द ज्यांना पर्यायी संस्कृत शब्दांपेक्षा लवकर कळतात, त्यांच्यासाठी तेच मराठी आहेत.

एक नमुना पाहिला, तर फरक डोळ्यांना दिसेल. उपाशीपोटी करायच्या रक्त तपासणीची सूचना बहुधा अशा भाषेत असते: ‘सदर तपासणीकरिता रुग्णाने रात्रीच्या भोजनानंतर पाण्याव्यतिरिक्त कशाचेही सेवन न करता सकाळी अनशेपोटी उपस्थित राहावे, तसेच सकाळची नियमित औषधे तपासणीपश्चात घ्यावीत.’

हीच सूचना सुलभ वाचनाच्या रीतीने अशी लिहिता येईल:

उद्या सकाळी तुमचे रक्त तपासायचे आहे.
आज रात्री नेहमीसारखे जेवा.
जेवण झाल्यावर फक्त पाणी प्या.
उद्या सकाळीही फक्त पाणी प्या.
मग दवाखान्यात या.
सकाळची गोळी सोबत आणा.
नर्स तुमच्या हातातून थोडे रक्त घेईल.
सुई टोचताना थोडे दुखेल.
थांबावेसे वाटले, तर ‘थांबा’ म्हणा.
रक्त दिल्यावर नाश्ता करा.
मग सकाळची गोळी घ्या.

दुसरा मजकूर पहिल्यापेक्षा लांब आहे. सोपे करणे म्हणजे लहान करणे नव्हे. मूळ सूचनेत नसलेल्या दोन गोष्टीही त्यात आल्या आहेत. दुखेल हे आधी सांगितले आहे आणि थांबवण्याचा हक्क आहे हेही सांगितले आहे. दवाखान्यात अचानक सुई दिसल्यावर घाबरून हात ओढून घेणाऱ्या माणसाला ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मिळतो आणि तपासणी राहून जाते. त्याला आदल्या दिवशी हे कळले असते, तर कदाचित त्याने हात पुढे केला असता. या ओळींशेजारी चित्रे द्यायची, तर तीही इथलीच हवीत. नाश्ता म्हणून परदेशी चित्रसंग्रहातला पावाचा टोस्ट दाखवण्यापेक्षा पोह्यांची बशी दाखवावी. ‘दवाखाना’ म्हणून लाल चिन्ह दाखवण्यापेक्षा ज्या दारातून आत जायचे, त्या दाराचा फोटो लावावा.

मात्र सुलभ वाचन म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगायला हवे. या रीतीच्या परिणामांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एका सुरातले नाहीत. नुसती चित्रे चिकटवल्याने समज वाढतेच असे दिसत नाही, कधी कधी चित्रांनी लक्षच विचलित होते. अनेकांना अजिबात वाचता येत नाही, त्यांच्यासाठी कितीही सोपा कागद हा कागदच राहतो. जिथे फायदा होतो, तिथे बहुधा कुणीतरी शेजारी बसून तो कागद सोबत वाचलेला असतो, प्रश्न विचारू दिलेले असतात आणि काय समजले हे त्या व्यक्तीकडूनच वदवून घेतलेले असते. मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी १९८९ पासून इंग्लंडमध्ये शब्दच नसलेल्या चित्रपुस्तकांची मालिका काढली. आजारपण, मृत्यू, दवाखाना यांच्या गोष्टी त्यात फक्त चित्रांतून येतात. चित्र पाहून गोष्ट वाचक सांगतो आणि सोबतचा माणूस ऐकतो. कागद हे संवादाचे निमित्त असते, संवादाची सुट्टी नव्हे. सोपे पत्रक हाती ठेवून जबाबदारी संपवणारे रुग्णालय आणि अवघड पत्रक हाती ठेवणारे रुग्णालय यांच्यात फार अंतर नाही.

दुसरा धोका याहून अवघड आहे. सोपे करताना काय गाळायचे, हे कुणीतरी ठरवतो. ऑपरेशनमधला दुर्मीळ धोका सांगितला तर रुग्ण घाबरेल, म्हणून तो वगळला जातो. मग रुग्णाचा होकार अर्धवट माहितीवर उभा राहतो. सोपेपणाच्या नावाखाली त्याच्या वतीने निर्णय घेतला जातो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कागद लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा निर्णय घेण्यासाठी माणसाला कोणत्या गोष्टी कळल्याच पाहिजेत? त्या कितीही अप्रिय असल्या, तरी सोप्या शब्दांत राहिल्याच पाहिजेत. ‘हे ऑपरेशन झाल्यावर तुम्हाला मूल होणार नाही’ हे वाक्य सोपेही आहे आणि पुरे खरेही.

हे उदाहरण सहज निवडलेले नाही. १९९४ मध्ये शिरूर येथील सरकारी संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या. पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. महिला संघटना आणि कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यावर त्या थांबल्या. पाळी म्हणजे काय, ती आल्यावर काय करायचे, पॅड कसे बदलायचे हे चित्रांतून, बाहुलीच्या मदतीने आणि रोजच्या सरावातून शिकवता येते, हे विशेष शिक्षकांना ठाऊक असते. समजावून सांगण्याची ती वाट लांबची आणि चिकाटीची आहे. तिच्या जागी सुरी आली, तर काय होते याचे ते उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये.

त्यानंतर कायदा बराच पुढे गेला. चंडीगडमधील सरकारी संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या एका महिलेच्या गर्भपाताच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही, असे स्पष्ट केले. भारताने दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये स्वीकारला होता. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल, सांकेतिक भाषा, मोठी छपाई यांच्या जोडीने सोप्या भाषेचाही समावेश आहे. प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती दिव्यांगांना मिळेल हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे. वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार त्यांच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर याहून स्पष्ट बोलतो. माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा सोप्या भाषेत, सांकेतिक भाषेत, चित्रांच्या साहाय्याने किंवा अन्य मार्गाने दिली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. तो कायदा मानसिक आजारांसाठी आहे आणि बौद्धिक अक्षमतेला त्याने आजाराच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे, ते योग्यच आहे. पण माहिती देण्याची ही रीत शेजारच्या खोलीत बंद राहण्याचे कारण नाही.

थोडक्यात, कायद्यात सोपी भाषा आहे, कागदावर नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांची नोंद बौद्धिक अक्षमतेच्या तेव्हाच्या वर्गवारीत झाली. त्यांच्यासाठी संमतीपत्र वेगळे नाही, घरी सोडतानाचा कागद वेगळा नाही आणि औषधाच्या खोक्यातले माहितीपत्रक तर बहुधा इंग्रजीतच आणि बारीक अक्षरात असते.

यावर दोन हरकती ठरलेल्या आहेत. पहिली वेळेची. बाह्यरुग्ण विभागात रांग दाराबाहेर गेलेली असताना डॉक्टरांनी शेजारी बसून कागद वाचायचा कधी? ही अडचण खरी आहे. पण तो कागद डॉक्टरांनीच वाचावा असे नाही. परिचारिका, समुपदेशक, समाजसेवा अधीक्षक आणि गावपातळीवर आशा सेविका हे काम करू शकतात. त्यासाठी त्यांच्या हाती वाचण्याजोगा कागद मात्र हवा. शिवाय न समजल्यामुळे चुकलेल्या गोळ्या, फुकट गेलेल्या तपासण्या आणि पुन्हा भरती झालेले रुग्ण यांचाही वेळ कुणालातरी द्यावाच लागतो. दुसरी हरकत अशी, की घरचे लोक आहेतच की! आहेत, आणि अनेक घरांत आईवडील आयुष्यभर निष्ठेने हे ओझे वाहतात. पण त्यांचेही वय होते. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा त्यांचा प्रश्न दिव्यांगांच्या प्रत्येक पालकसभेत ऐकू येतो. आपली गोळी कोणती आणि ती कशासाठी, हे ज्याला स्वतः ओळखता येते, तो पालकांच्या पश्चात थोडा अधिक सुरक्षित असतो.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. या विभागाने आणि सार्वजनिक आरोग्य विभागाने मिळून सुरुवात थोडक्यावर करावी. चार कागद पुरेत: संमतीपत्र, घरी सोडतानाच्या सूचना, रोजच्या औषधांचा तक्ता आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढण्याची माहिती. ते एकदा नीट तयार झाले, की जिल्हा रुग्णालयांपासून महापालिकांच्या दवाखान्यांपर्यंत सर्वांना वापरता येतील. ‘१-०-१’ च्या जागी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र असा तक्ता छापायला कोणत्याही मोठ्या निधीची गरज नाही. राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या अनेक कार्यशाळा आहेत, जिथे ते मेणबत्त्या, पणत्या, फाइली बनवतात. हे चार कागद तपासण्याचे काम त्यांना द्यावे आणि त्याचे रीतसर मानधनही द्यावे. कोणता शब्द अडतो, कोणते चित्र फसवते, हे त्यांच्याइतके अचूक कुणी सांगू शकणार नाही.

असा कागद तयार झाला, तर त्याचा उपयोग इतरांनाही होईल. कमी शिकलेल्यांना, म्हाताऱ्यांना, परप्रांतातून आलेल्या मजुरांना आणि दुखण्याने गांगरलेल्या कुणालाही. पण ‘सर्वांसाठी सोपे’ म्हणताना ज्यांच्यासाठी ते सुरू केले, त्यांनाच तपासणीतून वगळण्याचा मोह टाळावा लागेल. कागद सोपा झाला की नाही, याचा निकाल बाकावर बसून राहिलेल्या त्या रुग्णानेच द्यायचा आहे. त्याच्याकडे वळून ‘तुम्हाला काय समजले, सांगा’ असे विचारण्यासाठी तर नव्या शासन निर्णयाचीही वाट पाहायला नको.